तीन सेकंदांची ट्रॉफी

रविवारची संध्याकाळ. कोथरूडच्या आमच्या वन-बीएचकेमध्ये अकरा माणसं, एक टीव्ही आणि आईने सकाळपासून तळलेल्या चकल्यांचे दोन डबे. निमित्त? आमच्या ताईला अवॉर्ड मिळालं होतं!

ताई एका डेली सोपच्या कॉश्च्युम डिपार्टमेंटला आहे. ‘म्हणजे शिवणकाम का गं?’ असं सोसायटीतल्या काकू तिला अजून विचारतात. २०२२च्या मार्चमध्ये तिच्या चॅनलच्या सोहळ्यात तिच्या टीमला वेशभूषेचा पुरस्कार मिळाला. टेलिकास्ट मात्र तीन आठवड्यांनी. (तुम्हाला काय वाटलं, हे सगळं लाइव्ह असतं? मलाही तसंच वाटायचं.) कोल्हापूरहून मामा-मामी खास आले होते. मावशीने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. मी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आज सातला टीव्ही लावा रे, आपली ताई येतेय!’ ताई स्वतः मात्र घोडबंदर रोडला, शूटिंगला. डेली सोपला रविवार नसतो.

सात वाजता सुरू झालं. नाच झाला, अँकरचे विनोद झाले, लोकप्रिय जोडी झाली. मग लोकप्रिय सासू, लोकप्रिय सून, लोकप्रिय भावंडं... एकाच चॅनलच्या पाच-सहा मालिका आणि बक्षिसं मात्र पोतंभर, म्हणजे कोणालाच रिकाम्या हाताने घरी जायची भीती नाही. साडेनऊला मामींनी पहिली जांभई दिली. दहाला एकदम ढँटढँट म्युझिक वाजलं, ‘तांत्रिक विभागातील विजेते’ अशी पट्टी आली आणि धडाधड शॉट्स पळायला लागले. संकलन, छायांकन, वेशभूषा... ताईची हिरवी पैठणी दिसते न दिसते तोच खाद्यतेलाची जाहिरात!

तीन सेकंद. मी नंतर मोजले.

आई चकलीचा डबा उघडाच धरून बसली होती. कोणी काही बोलेना. शेवटी मामाच म्हणाले, “झालं? अरे, मी चष्मा पुसत होतो की!”

माझं डोकं सणकलं. आमच्या आयटीत रिलीजच्या मेलमध्ये टेस्टरचं नाव राहिलं तरी दोन दिवस कॅन्टीनमध्ये थयथयाट चालतो. आणि इथे अख्खं वर्ष राबलेल्या माणसांना मिळून अर्धं मिनिटही नाही? रात्री लॅपटॉप उघडला. वाटलं होतं, हा आपल्याकडचाच चालूपणा असणार. पण हॉलिवूडवालेही काही कमी नाहीत बरं का!

त्याच महिन्यात, २७ मार्च २०२२ला, ऑस्कर सोहळा झाला होता. विल स्मिथने ख्रिस रॉकला थोबाडीत मारली, तोच. त्या थपडेच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगभूषा-केशभूषा, प्रॉडक्शन डिझाइन आणि लघुपटांचे तीन, असे आठ पुरस्कार लाइव्ह प्रक्षेपण सुरू होण्याआधीच उरकून घेतले होते. नंतर त्यांचे कापलेले तुकडे मुख्य कार्यक्रमात चिकटवले. त्या वर्षी सर्वाधिक, सहा ऑस्कर ‘ड्यून’ला मिळाली, त्यातली चार या आधीच्या तासातली! वेशभूषा तेवढी वाचली होती. २०१९मध्येही छायांकन आणि संकलनासह चार पुरस्कार जाहिरातींच्या ब्रेकमध्ये द्यायचा घाट घातला होता. सिनेमावाल्यांनी असा काही आरडाओरडा केला, की तो चार-पाच दिवसांतच गुंडाळावा लागला. २०२२चा प्रयोगही पुढच्या वर्षी बंद झाला आणि सगळे पुरस्कार पुन्हा लाइव्ह आले. म्हणजे भांडलं की मिळतं.

आपल्याकडे भांडतात का? तर हो! ३ मे २०१८, दिल्लीचं विज्ञान भवन. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतात, त्यासाठी माणसं आईवडिलांना घेऊन दिल्ली गाठतात. त्या वर्षी आदल्या दिवशी रंगीत तालमीला सांगितलं गेलं, की राष्ट्रपती फक्त ११ पुरस्कार देणार, बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते. पन्नासहून जास्त विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत. पुरस्कार तोच, रक्कम तीच, पण ‘तुमच्यासाठी वेळ नाही’ हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हे सगळं मी मामांना ऐकवलं. काकूंच्या ‘शिवणकामा’चा विषयही निघाला. मामा बशीतला चहा संपवून म्हणाले, “शिवणकाम म्हणतात व्हय त्याला? भारताला पहिलं ऑस्कर कुणी आणलं? आमच्या कोल्हापूरच्या पोरीनं. कपड्यांसाठीच आणलं की!”

खरंच की! भानू अथैया. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९चा, कोल्हापूरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, चित्रकार म्हणून नाव होऊ लागलं होतं, पण वळल्या कपड्यांकडे. १९५६च्या ‘सीआयडी’पासून शंभरावर सिनेमे. ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची केशरी साडी आठवते? चापूनचोपून बसलेली, नाचताना जराही न सुटणारी? ती त्यांचीच करामत. गॅदरिंगला ती अजून कोणी ना कोणी नेसतंच, नाव मात्र मुमताजचं! मग ‘गांधी’ आला. त्याच्यासाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांनी १९८३च्या एप्रिलमध्ये ऑस्कर घेतलं. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

पण मला जास्त भिडली ती त्यानंतरची गोष्ट. २०१२मध्ये त्यांनी आपलं ऑस्कर अकादमीला परत देऊन टाकलं. निषेध वगैरे काही नाही. आपल्यामागे ही बाहुली इथे नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक २००४मध्ये चोरीला गेलं, तो दाखला त्यांच्यासमोर होता. पावणेचार किलोंहून जड ती मूर्ती पुन्हा अमेरिकेला गेली. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये भानूताई गेल्या. कोल्हापूरच्या मुलीचं ऑस्कर बघायचं तर आता व्हिसा काढायचा!

एक कबुली देतो. ताई त्या फील्डमध्ये नसती, तर ‘उत्कृष्ट ध्वनी’ म्हटल्यावर मीही उठून फ्रिज उघडायला गेलो असतो. जातच होतो. ‘बालगंधर्व’ बघताना आपण सुबोध भावेंसाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजवायलाच हव्यात. पण तो चेहरा उभा करणारे विक्रम गायकवाड आणि ती वस्त्रं घडवणाऱ्या नीता लुल्ला, दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे मला त्या रात्री कळलं. चॅनलवाले आमच्यासारख्यांची नस बरोबर ओळखून आहेत. रिमोट आमच्याच हातात असतो ना!

ताईच्या सेटवर मी एकदाच गेलोय. वाटलं होतं, साड्या मॅच करायच्या, मजा असेल. प्रत्यक्षात काय? दाराबाहेर पडणारी सून आज शूट होते आणि तीच सून रस्त्यावर पाऊल टाकते ते आठ दिवसांनी, दुसऱ्या लोकेशनवर. तीच साडी, त्याच निऱ्या, पदराची पिन त्याच खांद्यावर, हातात बांगड्या तेवढ्याच. गजरा खोटा, कारण खरा आठ दिवस टिकत नाही. ताईच्या फोनमध्ये असे हजारो फोटो आणि सोबत एक वही. ड्रेसदादा इस्त्री घेऊन पळतोय, कमरेच्या पाऊचमध्ये सेफ्टीपिना, आणि कोणीतरी ओरडतंय, “कॉश्च्युम, किती वेळ?” ताईची चूक झाली तर ती घराघरांत दिसते. चूक झाली नाही, तर काहीच दिसत नाही.

सोमवारी दुपारी रिपीट टेलिकास्ट होतं. मी वर्क फ्रॉम होम घेतलं. मामांनी चष्मा आधीच पुसून ठेवला. आई रिमोट घेऊन स्टुलावर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. नेमकं पॉज करायला आमच्या सेट-टॉप बॉक्सला जमेना, म्हणून तिने चालत्या टीव्हीचाच मोबाइलवर फोटो काढला. त्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ, मामांचं अर्धं डोकं आणि मधोमध ताई, डोळे मिटलेली. तोच तिने फॅमिली ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले.

ताईचं उत्तर आलं ते रात्री दीडला, पॅक-अपनंतर.

‘आई, माझ्या मागे आमची हिरॉइन उभी आहे ना, तिचा पदर बघ. पिन दिसतेय. शी!’