घरी राहा, पण कुठल्या?

"कुळथाचा पीठ खंय आसा?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा ते कणकवली तालुक्यातल्या आमच्या घरी, रांधपाच्या खोलीत उभे होते आणि आई काळाचौकीच्या चाळीत, आमच्या खोलीबाहेर गॅलरीत बसली होती. एप्रिल २०२०चा पहिला आठवडा. "माळ्यार तांबडो डबो आसा, त्यात," आई म्हणाली. फोनवर थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग आईच पुढे म्हणाली, "पीठ पयला थंड पाण्यात कालवा. तसाच फोडणीत घातलात तर गुठळ्यो होतल्यो." सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना तोवर चहापलीकडे काही करता येत नव्हतं. त्या रात्री त्यांनी पिठी-भात रांधला. लसूण किती ठेचायची, कोकम कधी टाकायचं, गॅस कधी बारीक करायचा, सगळं आईने इथून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

आई मुंबईत राहायला आलीच नव्हती. ९ मार्चला होळी होती. राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले तेही त्याच दिवशी. गावचा शिमगा आटोपून ती १५ तारखेला सकाळी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरली. मोतीबिंदूचं ऑपरेशन, नंतर थोडी विश्रांती, आणि परत. पिशवीत दोन लुगडी आणि आठवड्यापुरत्या गोळ्या होत्या. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्या रात्रीपासून रेल्वे थांबली. २४ तारखेला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. चौतीस पायऱ्या चढून आमच्या मजल्यावर आलेली आई पुढे जवळजवळ पाच महिने मुंबईतच राहिली.

त्या दिवसांत सगळीकडून एकच सांगणं होतं, घरी राहा. सांगणं योग्यच होतं, दुसरा इलाजही नव्हता. पण आमच्यासारख्या हजारो कोकणी कुटुंबांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की कुठल्या घरी?

गिरणगाव वसलं ते गावी घर ठेवून आलेल्या माणसांवर. खोली मुंबईत, घर गावाला, असं आमच्याकडे आजही बोलतात, आणि या दोन शब्दांतला फरक कोणी चुकून मोडत नाही. पुरुष गिरणीत, बायको-मुलं गावी, खाणं खानावळीत, एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपणारे. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी ही रीत मोडली नाही. नोकऱ्या बदलल्या, खोलीची जागा डोंबिवली, विरार, दिव्याने घेतली, पण घर तिथेच राहिलं. आधी बोट होती, मग एसटी आली, १९९८पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. या वाटेने वर तांदूळ, कुळीथ, सोलं, तिरफळं येतात आणि खाली पैसे, औषधं, मुलांची दप्तरं जातात. म्हातारी माणसं दुखण्याला वर येतात, तरणी माणसं सणाला खाली जातात. बाहेरून बघणाऱ्याला ही दोन बिऱ्हाडं वाटतील. आम्हाला ते एकच घर वाटतं. त्याची एक चूल लालबाग-परळला पेटते, दुसरी सह्याद्रीच्या पायथ्याशी, आणि रात्रीची गाडी हा त्या दोन चुलींमधला ओटा आहे. टाळेबंदीत हा ओटाच मधून निघून गेला.

मग घर चालवायचं कसं? सगळ्यांनी आपापल्या परीने काढलेल्या वाटा फार साध्या होत्या, म्हणून त्या कुठे लिहिल्या गेल्या नाहीत.

आमच्याकडे वेळ बांधली गेली. सकाळी सातला पेज झाल्यावर एक फोन, दिवेलागणीला दुसरा. आमच्या वाडीत रेंज नीट मिळते ती तुळशीपाशी, म्हणून बाबा खुर्ची घेऊन तिथेच बसायचे. २८ मार्चपासून दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं तेव्हा आईने त्यातून एक युक्ती काढली. रात्री नऊचा भाग दोघांनी दोन ठिकाणी बघायचा आणि संपल्यावर दोन मिनिटं बोलायचं. भक्तीचा भाग होताच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की दिवसातला एक तास दोघं एकाच गोष्टीकडे बघत होते. गावी वीज गेली की इथे आई अर्ध्यावरून उठायची. एकटीने पुढे बघायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कणकवलीहून यायच्या. एसटी बंद, रिक्षा बंद. त्या आणल्या वाडीतल्या आशाताईंनी, त्यांच्या फेरीबरोबर, आणि पुढच्या तीन महिन्यांत एकदाही खंड पडू दिला नाही. बाबांना स्ट्रिपवरचं बारीक नाव वाचता येत नव्हतं, म्हणून आईने फोनवर रंग सांगितले. सकाळी पांढरी, रात्री गुलाबी. पुढे कंपनी बदलली आणि गुलाबी गोळी पिवळी झाली, तेव्हा बाबांनी दोन दिवस ती घेतलीच नाही. हे कळलं त्या दिवशी आई मला म्हणाली, मी चालत जाते. ती ते रागाने म्हणाली नव्हती. तेव्हा मुंबईहून रेल्वेच्या रुळांवरून कोकणात चालत निघालेल्या माणसांच्या बातम्या येत होत्या आणि तिने त्या ऐकल्या होत्या.

चाळीतले दिवस वेगळ्या तऱ्हेने कठीण होते. दहा बाय पंधराची खोली, आम्ही पाच जण, मजल्याला सामाईक संडास. चाळीत एक रुग्ण सापडला आणि दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले. आईला अंगणाची सवय. ती पहाटे चारला उठायची आणि आम्ही झोपलेलो म्हणून अंधारात तशीच बसून राहायची. मग माझ्या मुलीने तिच्यासाठी गॅलरीचा एक कोपरा मोकळा केला. तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरची आणि तुळस लावली. तिथे आईची सकाळ होऊ लागली. मला आजही वाटतं की त्या पाच महिन्यांत आईला सांभाळलं ते आम्ही नव्हे, त्या दोन डब्यांनी.

मे महिन्यात माझी थोरली काकी गावी वारली. तिचे दोन्ही मुलगे मुंबईत होते. धाकटा बेस्टमध्ये ड्रायव्हर, रोज परिचारिका आणि सफाई कामगारांना कामावर पोचवणारा. पहाटे तीनला फोन आला. अंत्यविधीसाठी प्रवासाची परवानगी मिळत होती, हे खरं. पण परवानगी मिळायला लागणारा वेळ, रस्त्यातले दहा-बारा तास, कशेडी घाटातला नाका, खारेपाटणचा नाका, आणि गावात पोचल्यावर शाळेत चौदा दिवस विलगीकरण, एवढं सगळं जमेस धरलं की आईचं तोंड दिसणार नाही हे उघड होतं. शाळेच्या खिडकीतून धूर तेवढा दिसला असता. दोघं गेले नाहीत. अग्नी पुतण्याने दिला. वीस माणसांची मर्यादा होती, वाडीतून त्याहून कमीच आली. कोणीतरी फोन उंच धरला होता आणि माझे दोन भाऊ आमच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, त्या चार इंचांच्या पडद्याकडे बघत होते. चित्र मधेच थांबायचं. चितेपाशी वाकलेला पुतण्या तसाच वाकलेला राहायचा आणि मग एकदम पुढचं काहीतरी दिसायचं.

दहाव्या दिवशी आईने चाळीच्या गॅलरीतच पान मांडलं. भाऊ म्हणाला, गावी पिंड ठेवलाय ना, मग इथे कशाला? आई म्हणाली, तिची मुलं इथे आहेत, ती इकडे येऊन बघणारच. कावळा आला. मुंबईत कावळ्यांना तोटा नाही. पण आमच्यातल्या कोणालाही त्या वेळी तसं म्हणावंसं वाटलं नाही.

अशा वेळी फोनचा धागा किती कच्चा असतो हे ३ जूनला कळलं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे विजेचे खांब, सुपारीच्या बागा, मोबाइलचे मनोरे सगळे एकदम आडवे झाले. आमच्या मजल्यावरच्या मंडणगडच्या कुटुंबाला कित्येक दिवस घरचा आवाज ऐकू आला नाही. तोवर आम्ही सगळे म्हणत होतो, भेट नाही तर नाही, बोलणं तरी होतंय. तेही गेल्यावर काय उरतं ते त्या वहिनींच्या तोंडावर दिसायचं. कोकणातले आणि गोव्यातले खलाशी तर त्याआधीपासून याहून लांब अडकले होते. जहाज मुंबईसमोर नांगरून उभं, शहराचे दिवे डोळ्यांना दिसताहेत, आणि उतरण्याची परवानगी नाही, असे दिवस त्यांनी काढले. एप्रिलच्या शेवटी पहिल्या काहींना धक्क्यावर पाय ठेवता आला.

आता गावाबद्दल. हे लिहिणं मला सोपं नाही.

मार्च संपता संपता वाडीच्या तोंडाशी दगड आणि ओंडके पडले. चाकरमान्यांनी येऊ नये, असे फलक लागले. मुंबईत त्याचा घाव फार खोल बसला. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी आमची, शाळेच्या पत्र्यांना पैसे आमचे, आणि आज आम्हीच परके? मीही बाबांना फोनवर वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "हयसर सगळी म्हातारीच आसत रे."

ते खरंच होतं. आमच्या वाडीत साठीच्या आतली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. सिंधुदुर्गात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. सुरुवातीला घशातले नमुने तपासायला जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. ज्या गावाची तरणी माणसं शंभर वर्षं मुंबईला जात राहिली, त्या गावाला मुंबईच्या दुखण्याची भीती वाटली तर तिला कृतघ्नपणा म्हणता येणार नाही. आणि सामाईक संडासाच्या चाळीतून, हातावरचं काम गेलेला माणूस गावी जायला निघाला तर त्याला बेजबाबदारही म्हणता येणार नाही. दोघंही घरच सांभाळत होते. वर्तमानपत्रांतून या भांडणाचा गाव विरुद्ध मुंबई असा निकाल लावला गेला, तेव्हा मला राहून राहून वाटायचं, अहो, हे सासरे आणि जावई आहेत, ही आई आणि मुलगा आहेत.

गावाला हे नवीन नव्हतं, हेही मला आईकडूनच कळलं. १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला आणि लोक गावाकडे पळाले. त्यानंतरच्या वर्षी इंग्रज सरकारने साथरोगांचा जो कायदा केला, तोच मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने पुन्हा काढला. आईच्या आजीच्या तोंडी त्या प्लेगच्या गोष्टी होत्या. मुंबईहून आलेल्याने थेट घरात यायचं नाही, शेतातल्या मांगरात राहायचं, घरच्यांनी जेवण गडग्यावर ठेवून हाक मारून मागे सरायचं. मे-जूनमध्ये लोक येऊ लागले आणि शाळा भरल्या, तेव्हा आमच्या वाडीने काहींना मांगरातच ठेवलं. गडग्यावर पेजेची किटली ठेवली जाऊ लागली. ओंडके ज्यांनी टाकले होते त्यांच्याच घरांतून ती यायची. बाबाही एक किटली न्यायचे. तोवर त्यांची पेज चांगली होऊ लागली होती.

जुलैमध्ये आईचं ऑपरेशन झालं. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, आणि गणपतीला घरी नाही असं आईच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. विलगीकरण दहा दिवसांवर आलं होतं. १२ ऑगस्टच्या आत निघालं तर चाचणी लागत नव्हती, एसटीने गेलं तर ई-पासही लागत नव्हता. एका गाडीत बावीस माणसं. चाळीतल्या आणि आजूबाजूच्या गाववाल्यांनी मिळून एक गाडी ठरवली, थेट गावापर्यंतची. मी सोबत गेलो. कशेडीला पहाटे रांगेत उभं राहून नावं लिहिली, ताप बघितला. खारेपाटणला पुन्हा तेच. आई दोन्ही ठिकाणी नव्या डोळ्याने फलकावरची अक्षरं मोठ्याने वाचत होती.

११ तारखेला दुपारी पोचलो. बाबा खळ्याच्या पलीकडे उभे होते. आई आणि मी पडवीच्या बाजूच्या खोलीत, बाबा माजघरात. एका छपराखाली दहा दिवस ती दोघं दाराच्या आतून-बाहेरून बोलली. बाबा जेवण उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे. रोज पिठी नाही, कधी वालीची भाजी, कधी सुकटीची चटणी. आई ताट उचलताना काही बोलायची नाही. पण पाहत मात्र असायची, भात मोकळा झालाय का, भाजी करपलीय का.

विलगीकरण २१ तारखेला संपलं, हरतालिकेच्या दिवशी. गणपतीची माटवी बांधायची राहिली होती. शेजारचा मुलगा कांगणी, कवंडळ, हरण घेऊन आला आणि खळ्यात ठेवून गेला. आई आंघोळ करून थेट रांधपाच्या खोलीत शिरली. मी मागे होतो. फळीवरचे सगळे डबे हललेले. चहा-साखर खाली, हाताशी. कडधान्यं एका ओळीत. तांबडा डबा माळ्यावरून उतरून चुलीजवळ आलेला. तिखटाच्या डब्यावर खडूने काढलेली फुली. चाळीस वर्षं आईने लावलेली मांडणी कुठेच नव्हती. ती मधोमध उभी राहून एकेक डबा बघत होती आणि मला वाटलं, आता ती सगळं परत जागच्या जागी लावायला घेणार.

तिने पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि माजघराकडे तोंड करून विचारलं, "मीठ खंय ठेवलात?"