मदतीच्या ट्रकमध्ये एक कारकूनही न्यावा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गेली. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होतो. आमच्या वस्तीतल्या विहारात तांदूळ, चादरी, भांडी जमा झाली. महिला मंडळाने घरोघर फिरून लुगडी गोळा केली. माझे अक्षर बरे, म्हणून याद्या लिहायला मोठ्या माणसांनी मलाही ट्रकमध्ये बसवले.

तिथली घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. तेच अंगावर आले. ज्या गावात आम्ही उतरलो तिथे आपली वस्ती कडेला होती, खोपटांवर पत्रा नाहीतर पाचट. तीही पडली, पण आतली बहुतेक माणसे बाहेर निघाली. एक आजी म्हणाली, "आमच्या डोस्क्यावर वझंच नव्हतं लेकरा, म्हणून वाचलो." तिच्या घरात नातवंडे धरून आठ माणसे होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीत पंचनामा झाला. घर : कच्चे. जनावरे : शेळ्या दोन. जमीन : निरंक. आजीचे घर कित्येक वर्षे गायरानाचा तुकडा कसत होते, पण सातबारावर तिचे नाव नव्हते. मी आमच्या यादीतही तेच उतरवून घेतले. निरंक हा शब्द छान वळणदार लिहिल्याचे मला आठवते.

पुढे शासनाने ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायचे ठरवले. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले, अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. घराचे माप मात्र जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी, त्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरांवरच्याला ७५० चौरस फूट. मधल्यांना मधले. घरात माणसे किती, हा प्रश्न मापाच्या हिशेबात नव्हता. आपल्या पुष्कळ कुटुंबांना आयुष्यातले पहिले पक्के छप्पर त्या २५० फुटांतच मिळाले, हे मी नाकारत नाही. त्याचे मोल ज्याचे पाचट उडाले आहे त्याला विचारावे.

पण बीकॉमला विमा शिकताना मला हा हिशेब पुन्हा आठवला. विम्याचे तत्त्व असे की जेवढे गेले तेवढे भरून द्यावे, कमी नाही, जास्त नाही. ज्याने हप्ता भरला त्याच्यापुरते ते बरोबर आहे. किल्लारीत हप्ता कोणी भरला होता? कर्ज सगळ्यांच्या नावावर आणि देणग्या तर गिरणी कामगाराच्या पगारातूनही गेलेल्या. मग वाटप विम्यासारखे कसे? ज्याचे काहीच नव्हते त्याला काहीच नसण्यापर्यंत परत आणून सोडायचे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत. आणि आपली माणसे भूमिहीन का, हे काही भूकंपाने ठरवलेले नव्हते.

शिवाय तो निरंकसुद्धा पक्का नव्हता. १४ एप्रिल १९९० पूर्वीची, मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ सालीच निघाला होता. अशी अतिक्रमणे तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये लिहिलेली असतात. आमच्या ट्रकवर पोती उचलणारे वीस जण होते, नमुना १-ई दाखवा म्हणणारा एकही नव्हता.

सगळेच चुकले असे नाही. ज्या हजाराहून अधिक गावांत घरे दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावातल्याच बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. पैसा कशाचा, कितीचा, कोणत्या टप्प्यावर, हे त्या दारोदार सांगत. कुणाच्या घराला तडा गेला आणि कुणाचे नाव राहिले, हे पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असते. साहेबाला जीपमधून ते कसे दिसणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा आम्ही पोत्यांबरोबर दोन कारकून आणि एक निवृत्त तलाठी नेले. शाळेच्या वऱ्हांड्यात बसून घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, भाडेकरू असल्यास मालकाचे पत्र, असे कागद लावत गेलो. तरीही एक खड्डा बुजला नाही. पिकाची मदत हेक्टरवर मिळते, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याला. त्याच शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाईचे दोन महिन्यांचे काम वाहून गेले तर त्याला रकाना नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील कलम ६१ सांगते की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. कायद्यात जात आहे, कोऱ्या फॉर्मात ती कुठेच लिहिलेली नसते. ती रकान्यांच्या रचनेत असते, म्हणून तक्रार करायला हाती काही लागत नाही.

२०२२ साली मी त्या आजीच्या गावी पुन्हा गेलो. नवे गावठाण शहरासारखे आखलेले, रस्ते रुंद आणि सरळ. तिथे सारख्या मापाची घरे एकत्र बांधली, त्यामुळे लहान घरे सगळी एका टोकाला आली. कोणी काही न बोलता वस्ती पुन्हा कडेलाच! आजी राहिली नाही. तिच्या सुनेने चहा केला, शेत पूर्वीपेक्षा लांब पडते म्हणाली, आणि मी कचेरीतला आहे हे कळल्यावर आतून पत्र्याची पेटी आणली. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून काढलेली तीच पेटी. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा कागद होता : गायरानावर अतिक्रमण केल्याबद्दल सासऱ्यांना झालेल्या दंडाची पावती. साल १९८७.

"याचा काही उपयोग होतो का भाऊ?" तिने विचारले. "सासूबाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पण कुणी मागितलाही नाही."

त्या पावतीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक अर्जाला जोडली आहे. अर्ज तहसीलमध्ये आहे.