केस हरणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं: वकिलांची सनद कधी जाते?

आजचा विषय कोर्टकचेरीचा आहे, पण हेडफोन काढू नका. प्रश्न साधा आहे. निवडणुकीच्या निकालाविरुद्ध एखाद्या वकिलाने केस टाकली आणि ती हरली, तर त्याची सनद काढून घ्यायची का? अमेरिकेत २०२० नंतर हा प्रश्न खरोखर उभा राहिला.

आधी मागचं थोडं बघू. नोव्हेंबर २०२० मध्ये जो बायडन जिंकले. डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या समर्थकांनी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशा राज्यांत साठहून जास्त केसेस टाकल्या. जवळपास सगळ्या फेटाळल्या गेल्या किंवा मागे घेतल्या गेल्या. मग काही संस्था म्हणाल्या, केसेस संपल्या, पण त्या टाकणाऱ्या वकिलांचं काय? २०२२ मध्ये 'द ६५ प्रोजेक्ट' नावाचा गट सुरू झाला. नावातला आकडा या केसेसचाच. 'स्टेट्स युनायटेड डेमॉक्रसी सेंटर' ही दुसरी संस्था. दोघांनीही वकिलांविरुद्ध शिस्तभंगाच्या लेखी तक्रारी केल्या.

आता ही सिस्टम चालते कशी? तिथे वकिलीचं लायसन्स राज्यागणिक मिळतं आणि शिस्तभंगाची यंत्रणाही राज्यागणिक वेगळी असते. आपल्याकडे वकिलाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे जाते, साधारण तसंच. बहुतेक ठिकाणी तक्रार कोणीही करू शकतं. कोडिंग करणाऱ्यांना पटकन कळेल: बग रिपोर्ट कोणीही टाकू शकतो, पण तो खरंच बग आहे का, हे रिपोर्ट टाकणारा ठरवत नाही. तसंच इथे संस्था फक्त तक्रार करते. चौकशी, पुरावे, सुनावणी आणि निर्णय हे सगळं दुसऱ्यांच्या हातात.

मग बग नेमका कशाला म्हणायचं? केस कमकुवत असणं हा गुन्हा नाही. कायदा बदलावा असा युक्तिवाद करणंही चालतं. हरणं तर रोजचंच, प्रत्येक केसमध्ये एक बाजू हरतेच! नियम एवढाच की तुमच्या म्हणण्याला वस्तुस्थितीचा आणि कायद्याचा काहीतरी आधार हवा, आणि माहीत असून खोटं बोलायचं नाही.

रुडी ज्युलियानींचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि ट्रम्प यांचे वकील. बाहेर पत्रकारांसमोर ते रोज फ्रॉड, फ्रॉड म्हणत होते. १७ नोव्हेंबर २०२० ला पेनसिल्व्हेनियाच्या फेडरल कोर्टात जज मॅथ्यू ब्रॅन यांनी थेट विचारल्यावर मात्र त्यांनी कबूल केलं की ही फ्रॉडची केस नाही. चारच दिवसांत ब्रॅन यांनी केस फेटाळली. ज्युलियानी असंही सांगत होते की पेनसिल्व्हेनियात पाठवलेल्या टपाली मतपत्रिका साधारण १८ लाख आणि मोजलेल्या २५ लाखांहून जास्त. ऐकताना धक्काच बसतो ना? प्रत्यक्षात पाठवलेल्या होत्या ३० लाखांहून जास्त. म्हणजे हिशेब बरोबर होता, सांगितलेला आकडाच चुकीचा होता. न्यूयॉर्कच्या कोर्टाने जून २०२१ मध्ये त्यांचं लायसन्स स्थगित केलं आणि जुलै २०२४ मध्ये काढून घेतलं.

जेना एलिस यांची गोष्ट वेगळी आहे. टीव्ही आणि ट्विटरवरची त्यांची १० विधानं दिशाभूल करणारी होती, हे त्यांनी कोलोरॅडोत मान्य केलं. मार्च २०२३ मध्ये त्यांना जाहीर समज मिळाली. म्हणजे वकील म्हणून तुम्ही अशिलाच्या वतीने कोर्टाबाहेर जे बोलता, तेही मोजलं जातं. जॉन ईस्टमन यांच्याविरुद्ध स्टेट्स युनायटेडने कॅलिफोर्नियात तक्रार केली होती. मार्च २०२४ मध्ये तिथल्या स्टेट बार कोर्टाच्या जजने ११ पैकी १० आरोप सिद्ध धरून लायसन्स काढण्याची शिफारस केली.

पण तक्रार केली म्हणजे शिक्षा झाली, असं नाही. सिडनी पॉवेल यांच्याविरुद्ध टेक्सासच्या बारने केस केली. बारने पुराव्यांच्या कागदांवर लेबलं चुकीची लावली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये जजने ती केस फेटाळली.

आता दुसरी बाजू, आणि ती हलक्यात घेऊ नका. ६५ प्रोजेक्टचे सल्लागार डेव्हिड ब्रॉक यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की नुसत्या तक्रारी करून थांबायचं नाही, या वकिलांना समाजात आणि त्यांच्या फर्ममध्ये नकोसं करून सोडायचं. ब्रॉक हे डेमोक्रॅट बाजूचे ओळखीचे माणूस. त्यामुळे टीकाकार विचारतात, हे शिस्तीसाठी चाललंय की धाक बसवण्यासाठी? उद्या एखाद्या निवडणुकीत खरंच घोळ झाला आणि सनद जाईल या भीतीने एकही वकील केस घ्यायला तयार झाला नाही, तर सामान्य मतदाराने जायचं कुठे?

मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात. वकिलाच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवतं, तो विश्वास खोट्या आकड्यांसाठी वापरला तर किंमत मोजावी लागायलाच हवी. पण ती किंमत खोटेपणाची असावी, नावडता अशील घेतल्याची नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'अमुक वकिलाविरुद्ध तक्रार' अशी हेडलाइन फोनवर आली की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. तक्रार कोणी केली? नेमकं कोणतं वाक्य खोटं म्हणतायत? आणि निर्णय झालाय की फक्त तक्रारच झालीय? बहुतेक वेळा सगळा घोळ या तिसऱ्या प्रश्नातच असतो.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!