परसातील टोमॅटोच्या पानांचे विकार : ओळख व उपाय

न्हाणीच्या पाण्यावर परसात वाढविलेली टोमॅटोची दहा-बारा झाडे कुटुंबाची रोजची गरज बऱ्याच अंशी भागवितात. परंतु पाने पिवळी पडू लागली किंवा आकसू लागली, की पुष्कळदा कपाशीसाठी आणून ठेवलेले औषधच या झाडांवर फवारले जाते. हे दुहेरी घातक आहे. विकार न ओळखता केलेली फवारणी बहुधा वाया जाते आणि विषाचा अंश फळांवाटे घरातील मुलाबाळांच्या पोटात जातो. म्हणून आधी निदान व मग उपाय, हाच क्रम पाळला पाहिजे.

पाहणीची रीत

सकाळच्या उजेडात झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळावे व तीन गोष्टी पाहाव्यात. विकार खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? पानाच्या खालच्या बाजूस काय दिसते? सर्व झाडे एकदम बिघडली, की एका-दोन झाडांपासून विकार पसरत गेला? सर्व झाडांत एकाच वेळी सारखा दिसणारा बिघाड बहुधा पाणी, जमीन किंवा वाऱ्याने आलेले तणनाशक यांमुळे होतो. एका जागेवरून हळूहळू पसरणारा विकार बहुधा रोगाचा अथवा किडीचा असतो.

खालच्या पानांवरील लक्षणे

झाड नत्र व मॅग्नेशियम ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरविते. त्यामुळे त्यांची उणीव प्रथम खालच्या पानांवर दिसते. सगळे पान सारखे फिकट पिवळे झाल्यास नत्राची उणीव समजावी व चांगले कुजलेले शेणखत द्यावे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाल्यास मॅग्नेशियमची उणीव संभवते. तथापि अळ्यात सदैव पाणी साचत असेल, तर मुळे गुदमरूनही पाने पिवळी पडतात. अशा वेळी खत न देता आधी पाण्याचा निचरा करावा.

तपकिरी ठिपक्यांत एकात एक वलये दिसल्यास तो लवकर येणारा करपा होय. याउलट थंड व दमट हवेत पाण्याने भिजल्यासारखे मोठे काळपट डाग पडून पानाखाली पांढरी बुरशी दिसल्यास तो उशिरा येणारा करपा समजावा. हा फार झपाट्याने पसरतो. दोन्हींत रोगट पाने काढून नष्ट करावीत, झाडांना आधार द्यावा व पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी द्यावे. जरूर पडल्यास ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराईड दर लिटर पाण्यात २.५ ग्रॅम मिसळून फवारावे. फवारणी व तोडणी यांमध्ये वेष्टनावर दिलेले दिवस अवश्य जाऊ द्यावेत.

शेंड्याकडील लक्षणे

नवी पाने लहान राहून वरच्या बाजूस वाटीसारखी वळली, कडा पिवळ्या पडल्या व झाड खुजे राहिले, तर तो बोकड्या होय. हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते ठेवल्यास शेजारची झाडेही जातात. म्हणून ते त्वरित उपटून नष्ट करावे. पुढील वेळी रोपे बारीक जाळीच्या आच्छादनाखाली वाढवावीत. पांढरी माशी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून व गाळून, पानांच्या खालच्या बाजूस फवारावा.

कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या व बाकीचे पान पिवळे असल्यास, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत, लोहाची उणीव समजावी. जवळच्या उसात किंवा ज्वारीत २,४-डी तणनाशक फवारल्यानंतर पाने अरुंद व पिळवटलेली निघाली, तर तो रोग नव्हे. त्यावर औषध मारू नये.

केवळ खालची हिरवी पाने कडक होऊन वर वळली, पण शेंडा निरोगी असला, तर तो बहुधा उन्हाचा व पाण्याच्या अनियमितपणाचा परिणाम असतो. अशी झाडे बोकड्या समजून उपटू नयेत.

किडी व मर

पानांत नागमोडी पांढऱ्या रेषा नागअळीच्या होत. रेषेऐवजी पारदर्शक, पसरट चट्टे पडून फळांनाही छिद्रे दिसल्यास २०१४ साली महाराष्ट्रात आढळलेल्या टूटा या किडीचा संशय घ्यावा व अशी पाने-फळे नष्ट करावीत.

हिरवे झाड एकाएकी कोमेजल्यास खोडाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. काही मिनिटांत दुधासारखी धार निघाली, तर ती जिवाणूजन्य मर होय. झाड मुळांसह काढावे आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी शेतकऱ्यांच्या घरी, प्रत्यक्ष झाडापाशी, विशेषतः परस सांभाळणाऱ्या भगिनींना करून दाखवावी. निदानाबद्दल शंका राहिल्यास रोगट व निरोगी अशी दोन्ही पाने कागदात गुंडाळून जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावीत. तोपर्यंत फवारणी करू नये.