अचानक असह्य डोकेदुखी, एकाचे दोन दिसतात: ब्रेन हॅमरेज, मेंदूज्वर की पिट्युटरी?

क्षणात डोकं फुटेल अशी वेदना, उलट्या, एकाचे दोन दिसणं, एक पापणी खाली येणं. अशी लक्षणं दिसली की आधी ब्रेन हॅमरेज, मेंदूज्वर किंवा स्ट्रोकची शंका येते. ती रास्तच आहे. पण कधीकधी याचं मूळ वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत असतं.

नेमकं काय होतं?

पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत असते. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा ग्रंथींचं काम तिच्या इशाऱ्यावर चालतं. तिच्यात अचानक रक्तस्राव झाला किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला, तर त्याला 'पिट्युटरी अ‍ॅपोप्लेक्सी' म्हणतात. बहुतेकदा तिथे आधीच गाठ असते. ती सहसा कर्करोगाची नसते आणि अनेकांना तिचा पत्ताही नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, उच्च रक्तदाब, मोठी शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यामुळे हा धोका वाढू शकतो.

गफलत का होते?

या ग्रंथीच्या वर दृष्टीच्या नसा असतात आणि दोन्ही बाजूंना डोळे हलवणाऱ्या. ग्रंथी सुजली की त्या दाबल्या जातात. रक्त मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचलं तर मान आखडते, तापही येतो. म्हणजे अगदी मेंदूज्वरासारखंच चित्र! साध्या सीटी स्कॅनमध्ये हे निसटू शकतं. एमआरआयमध्ये ते जास्त स्पष्ट दिसतं.

जीवाला धोका कशामुळे?

पिट्युटरीचा इशारा थांबला की शरीरातलं कॉर्टिसॉल घटतं. रक्तदाब कोसळतो, सोडियम कमी होतं, शुद्ध हरपू शकते. म्हणून रुग्णाची प्रकृती नाजूक असेल, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सुरू करतात. नजर झपाट्याने जात असेल तर नाकावाटे शस्त्रक्रिया करून दाब कमी केला जातो.

तुम्ही काय कराल?

अशी डोकेदुखी आली तर पेनकिलर घेऊन झोपू नका. 108 ला फोन करा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा. आधी पिट्युटरीची गाठ निघाली होती का, रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, काही महिन्यांपासून नजर कमी झाली किंवा पाळी बंद झाली का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान तुम्हाला करायचं नाहीये. पण तुमच्या एका वाक्याने डॉक्टरांचं लक्ष योग्य ठिकाणी जाऊ शकतं.