अक्षरांची कड व छाया : चित्रफलकावरील योजना

परिसर अभ्यासाचे चित्रफलक आता अनेक शिक्षक संगणकावर तयार करतात. छायाचित्र उत्तम असते. परंतु त्यावरील शीर्षक मागे बसलेल्या बालकास वाचता येत नाही. अक्षरांस कड व छाया योग्य क्रमाने दिल्यास हा दोष दूर होतो.

नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहालाचे छायाचित्र घ्यावे. बोरी नदीवरील हा बंधारा दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, बांधला गेला. पावसाळ्यात नर व मादी या सांडव्यांतून पाणी कोसळते, तेव्हा चित्राचा काही भाग काळ्या दगडाचा व काही शुभ्र फेसाचा दिसतो. गडद अक्षरे दगडात बुडतात, पांढरी फेसात लोपतात. म्हणून अक्षर गडद ठेवून त्यास पांढरी कड द्यावी व कडेखाली छाया घालावी. दगडावर कड उपयोगी पडते, फेसावर छाया.

संगणकावरील चित्रात थर, म्हणजे लेयर, असतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी ही रचना होय. सर्वांत वर अक्षर, त्याखाली कड, त्याखाली छाया व तळाशी छायाचित्र, हा क्रम मोडू नये.

गिम्प या विनामूल्य साधनात ही कृती पुढीलप्रमाणे करावी :

१. शीर्षक लिहून प्रथम शुद्धलेखन तपासावे. मागाहून अक्षर बदलल्यास कड पुन्हा करावी लागते.

२. अक्षरांच्या थरावर ‘अल्फा टू सिलेक्शन’ ही आज्ञा द्यावी व ‘ग्रो’ या आज्ञेने निवड चार पिक्सेल वाढवावी.

३. अक्षरांखाली चित्राएवढा नवा पारदर्शक थर घेऊन निवडीत पांढरा रंग भरावा. ही कड झाली.

४. त्याच निवडीत, कडेखालील आणखी एका थरावर काळा रंग भरावा. निवड काढून तो थर किंचित उजवीकडे व खाली सरकवावा, ‘गॉशियन ब्लर’ने मऊ करावा व त्याची अपारदर्शकता निम्म्यावर आणावी. ही छाया झाली.

छाया मूळ अक्षरावरून न काढता कडेच्या आकारावरून का काढावी? अक्षराची छाया तीन पिक्सेल सरकविली व कड चार पिक्सेल रुंद असली, तर छाया बहुतांशी कडेखालीच दडते.

देवनागरीत ही काळजी विशेष आवश्यक आहे. ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. गडद अक्षरास कडेवाचून गडद छाया दिली, तर तो खंड भरून जातो आणि ‘भुईकोट’ हा शब्द ‘मुईकोट’ असा दिसू लागतो. मध्ये पांढरी कड असली म्हणजे छाया त्या खंडात शिरत नाही. नुकतेच वाचू लागलेले मूल अर्थावरून शब्द सावरून घेऊ शकत नाही. जे दिसते तेच ते वाचते.

थर टिकविण्यासाठी मूळ प्रत एक्ससीएफ स्वरूपात जतन करावी. छपाईपूर्वी एक प्रत कृष्णधवल काढून भिंतीस लावावी व वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून एखाद्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावी. तो न अडखळता वाचील, तर फलक सिद्ध झाला असे समजावे.