अद्रकीने कोलेस्टेरॉल उतरतं का?

आपल्याकडे रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "गोळी कशाला लगेच? अद्रक खा." या सल्ल्यात तथ्य आहे, पण किती ते मोजून घेतलं पाहिजे. कारण त्याच्या भरवशावर माणसं चालू गोळ्या बंद करतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

इराणमधल्या बाबोलच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. रक्तातली चरबी वाढलेल्या ८५ जणांपैकी ४५ जणांना रोज ३ ग्रॅम सुंठीची पूड कॅप्सूलमधून ४५ दिवस दिली, बाकीच्यांना बिनऔषधाची कॅप्सूल. सुंठवाल्यांचं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड जास्त उतरलं. मात्र त्याआधी, १९९७ मध्ये, उदयपूरच्या डॉक्टरांनी हृदयरोग्यांना रोज ४ ग्रॅम सुंठ तीन महिने देऊन पाहिली होती. चरबीत काहीच फरक पडला नाही. पुढच्या छोट्या-छोट्या चाचण्यांची गोळाबेरीज केली तर ट्रायग्लिसराइड थोडं उतरतं असं दिसतं. एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

ट्रायग्लिसराइड उतरणं आपल्यासाठी बिनमहत्त्वाचं नाही. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत (२०१४) ७२ टक्के लोकांचं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी निघालं आणि जवळपास ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं.

आता प्रमाणाचं बघू. ओल्या अद्रकीत साधारण ८० टक्के पाणीच असतं. म्हणजे ३ ग्रॅम सुंठीसाठी जवळपास १५ ग्रॅम, चांगला अंगठ्याएवढा तुकडा लागतो, तोही रोज. टपरीवर खलबत्त्यात ठेचून पातेल्यात पडणारी अद्रक कितीतरी कपांत वाटली जाते, आणि तिचा चोथा गाळणीतच राहतो. वर प्रत्येक कपात साखर. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात जास्तीच्या साखरेचा मोठा हात असतो, त्यामुळे दिवसाला पाच-सहा गोड चहा पिणाऱ्याने अद्रकीच्या नावावर स्वतःची समजूत घालू नये.

सुंठ आणि ओली अद्रक गुणानेही एक नव्हेत. ओलीचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलमुळे असतो. वाळताना त्यातल्या काहीचं शोगाओल होतं, आणि ते आणखी झणझणीत. आता ती कोलेस्टेरॉल कशी उतरवत असेल? यकृत कोलेस्टेरॉल खर्चून पित्ताम्लं बनवतं. अद्रकीमुळे त्या कामाला वेग येतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या बाबतीत तेवढा भक्कम पुरावा नाही.

उलट स्टॅटिनची गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार होणंच रोखते. नेहमीच्या डोसात एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, आणि हार्ट अटॅक टळतात हे हजारो रुग्णांवर सिद्ध झालेलं आहे. अद्रकीबद्दल असं म्हणता येत नाही. म्हणून भाजीत, वरणात ती खुशाल घाला. चमच्याने सुंठ खायची असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. विशेषतः रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा छातीत जळजळ होत असेल, तर न विचारता सुरू करूच नका.